आत्याबाईचं दार

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या आप्पांच्या व्हॅननं, आणि सगळ्यात जास्त लाडही तिचेच झाले. आप्पा म्हणजे माझे वडील. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्या डिस्पोजलला निघायच्या, तिथून त्यांनी ती आणली होती. श्रीरामपुरात आमच्या दारात ती पहिल्यांदा येऊन उभी राहिली तेव्हा आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फोडला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आवो, ही चालवत आनली का ढकलत आनली?" आप्पा हसले नाहीत. गाडीच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नसे. पुढं दोन दारं, मधे डाव्या अंगाला एक दार, आत समोरासमोर दोन बाकडी. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं, बाळंतिणीला माहेरी पोचवायचं, कारखान्यावरच्या साहेबांचे पाहुणे स्टेशनवरून आणायचे, अशी भाड्यानं ती फिरायची आणि तिच्यावर आमचं घर चालायचं. भाडं नसेल त्या दिवशी मात्र ती आमची असायची, आणि आम्ही दोघी बहिणी तिच्यात बसून नुसत्या बाजारापर्यंत जाऊन यायलाही तयार असायचो.

ती आल्याचं आम्हाला डोळ्यांआधी कानांना कळायचं. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा होऊन गेला, आई चुलीपुढं बसून बाजरीची भाकरी थापायला लागली, हरभऱ्याच्या पाल्याच्या भाजीला लसणाची फोडणी बसली, की त्याच सुमाराला लांबून खडखडाट सुरू व्हायचा. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "आले. ताटं घ्या." माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणायचे, तिनं त्या खडखडाटातल्या एकेका आवाजाला नाव दिलं होतं. बॉनेट म्हणजे दम्याचे मामा. मागचा पत्रा म्हणजे शाळेची घंटा. आणि मधलं दार म्हणजे आत्याबाई. तिसगावच्या आमच्या खऱ्या आत्या एकदा बोलायला लागल्या की पाणी प्यायलाही थांबत नसत, आणि त्या दाराचंही तसंच होतं. गाडी सुरू झाली की ते जे तोंड उघडायचं ते गाडी बंद झाल्यावरच मिटायचं. आत्या घरी आल्या असताना आक्का मुद्दाम म्हणायची, "आप्पा, आत्याबाईला जरा तेल घाला," आणि मी पदरात तोंड खुपसून परसात पळायचे. आत्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दाराचं दुखणं तसं साधं होतं. आतल्या बाजूला फळीचं पॅनल होतं, त्यावर रेक्झिन चढवलेलं. मुळात ते स्प्रिंगच्या क्लिपांनी पत्र्याला धरून ठेवलेलं असणार, पण क्लिपा लष्करातच कुठंतरी गळून गेल्या होत्या आणि ज्या भोकांत त्या बसायच्या ती भोकं गंजून मोठी झाली होती. आप्पांनी कधी तार ओवली, कधी खिळा ठोकला, कधी पुठ्ठा खुपसला. चार दिवस आत्याबाई घुम्यासारखी गप्प बसायची आणि पाचव्या दिवशी दुप्पट बोलायची. आज माझ्या मुलाच्या गाडीत बसले की मला गुदमरल्यासारखं होतं, कारण तिच्यात कशाचाच आवाज येत नाही. तो म्हणतो, आई, याचेच तर पैसे दिलेत. मी माझ्या बाजूची काच खाली करते.

आक्काचं नाव शकुंतला. रंगानं सावळी, केस गुडघ्यापर्यंत, आणि जीभ अशी की गल्लीत तिच्याशी भांडायला कुणी धजत नसे. मी स्वभावानं चिडकी, ती खोडकर, त्यामुळं आमचं दिवसभर वाजायचं आणि झोपताना मात्र मला तिच्याच अंथरुणात जागा लागायची. लहानपणी तिचे सांधे सुजून मोठा ताप आला होता. ताप उतरला, घरानं सुटकेचा निःश्वास टाकला, पण जाता जाता तो तिच्या हृदयाची झडप खराब करून गेला हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळेपर्यंत आईनं तिच्या रुखवतासाठी गोधडी शिवायला घेतलेली होती. स्वतःची चांगली लुगडी फाडून, त्यांचे चौकोन जुळवून, दुपारच्या कामातून वेळ काढून आई ती टाचत बसायची. स्थळं येत होती, जात होती. मग आक्काला जिना चढताना दम लागायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले आणि स्थळांचं बोलणं घरातून आपोआप बंद झालं. गोधडी मात्र आई शिवतच राहिली.

आमच्या घरात एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्या-नगरकडे निघालं की बेलापूरपाशी प्रवरेचा पूल लागतो. पुलावर गाडी चढली की नदीला हात जोडायचे आणि एक नाणं पाण्यात सोडायचं. तसं सगळेच सोडतात. पण आक्कानं त्याला आपले नियम जोडले होते. नाणं ज्याचं त्यानंच टाकायचं. गाडी थांबवून, खाली उतरून टाकलेलं चालत नाही, ते गाडीतूनच, काच खाली करून टाकायचं. आणि मनात काय मागितलं ते कुणाला सांगायचं नाही. हे नियम तिनं कुठून आणले देव जाणे, पण आप्पांसकट आम्ही सगळे ते पाळायचो. पुलावर गाडी आली की आत्याबाईच्या खिडकीची काच खाली यायची, आक्काचा बांगड्या घातलेला हात बाहेर जायचा, आणि ती माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची. दरवेळी तीच पहिली टाकायची. त्यावरूनही आम्ही भांडायचो.

मोठा दुष्काळ पडायच्या आधीचा तो हिवाळा. प्रवरेला पाणी होतं, रानात ऊस उभा होता, रस्ते उसाच्या बैलगाड्यांनी भरलेले. आप्पा आक्काला नगरच्या डॉक्टरांकडे दाखवायला घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टर चांगले होते, शांतपणे बोलले. म्हणाले, पुण्याला न्या, ऑपरेशन करावं लागेल, आता वेळ घालवू नका. आणि जाताना जपून न्या. धक्के बसू देऊ नका, गोंगाट नको, गार वारा लागू देऊ नका. परत येताना आप्पा खड्डे चुकवत गाडी हळू चालवत होते. आत्याबाईची बडबड चालूच होती. आक्कानं छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "आप्पा, आज आत्याबाई माझ्या छातीतच बोलायला बसली बगा." ती थट्टेनं म्हणाली होती. मला ती थट्टा कळली, आईलाही कळली असती. आप्पांना नाही कळली.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी अंगणात घेतली आणि तिन्ही दारांची पॅनलं सोडवून मातीत मांडली. आईनं विचारलं, हे काय आरंभलं? तर म्हणाले, "रस्ता काय माझा न्हाई. त्यातले खड्डे मला बुजवता यायचे न्हाईत. पर गाडी माझी हाय. उद्या गाडीत आवाज हुता कामा न्हाई." आक्काची बाज उन्हात टाकली होती, ती पडल्या पडल्या सगळं बघत होती. मी हाताखाली नव्हते, मी बरोबरीनं करत होते, कारण आप्पांना एकट्यानं पॅनल दाबून धरणं आणि पेचकस फिरवणं जमत नव्हतं. गंजून मोठी झालेली भोकं त्यांनी बाभळीच्या खुंट्या ठोकून बुजवली, म्हणजे स्क्रूला धरायला लाकूड मिळावं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या मी गोल चकत्या कापल्या, त्या स्क्रूच्या डोक्याखाली घातल्या. पत्रा आणि फळी यांच्यामधे घोंगडीची पट्टी लावली, म्हणजे लाकूड लोखंडावर आपटू नये. मग मी पाठ टेकवून पॅनल दाबायचं आणि आप्पांनी एक स्क्रू इकडं, एक समोर असा आवळत जायचं. आवळून झाल्यावर ते दारावर मूठ आपटायचे आणि कान लावून ऐकायचे. डॉक्टर आक्काच्या पाठीला नळी लावून ऐकत होते ना, तसंच.

पॅनल गप्प झालं तरी मधल्या दाराची काच खडखडत राहिली. तिची खोबण झिजली होती. आप्पा म्हणाले, काच पुरती वर करायची आणि खालून पोकळीत काहीतरी घट्ट भरायचं, म्हणजे हलायची नाही आणि वाराही यायचा नाही. गॅरेजच्या चिंध्या होत्या, पण त्यांना तेलाचा वास, आणि आक्काला त्या वासानं मळमळायचं. ते विचार करत उभे राहिले. तेवढ्यात आई घरात गेली आणि ती गोधडी घेऊन आली. अंगणातच बसली, मांडीवर घेतली आणि कात्री लावली.

बाजेवरून आक्का म्हणाली, "आई, ती माझ्या रुखवताची ना?"

"व्हय."

"मग कापती कशाला?"

"तू बरी हून ये. मंग दुसरी शिवीन. हिच्याहून मोठी."

"मोठी कशाला? दोगांना पुरली म्हंजे झालं," आक्का म्हणाली आणि खुदकन हसली. असं काही बोललं की एरवी आई लाटणं उगारायची. त्या दिवशी तिनं मान वर केली नाही. कात्रीचा आवाज मात्र मला ऐकू येत होता, जाड टाके तुटताना येतो तसा. आईच्या लुगड्यांचे लाल, हिरवे, जांभळे तुकडे आप्पांनी एकेक करून दाराच्या पोटात ठासले, वरून पॅनल चढवलं आणि सगळे स्क्रू आवळले. काच आता बोटानं ढकलली तरी हलेना. बाकीच्या दोन दारांनाही उरलेले तुकडे गेले. बॉनेट आणि मागचा पत्रा त्यांनी घोंगडीच्या पट्ट्या देऊन आधीच गप्प केले होते.

संध्याकाळी आप्पा गाडीला स्टेशनपर्यंत फिरवून आणायला गेले. भोंगा होऊन गेला. आई भाकऱ्या करत बसली. आणि अचानक आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे. "आलो की मी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. आईला ते आल्याचं कळलंच नव्हतं, ताटं घेतलेली नव्हती. ती गडबडीनं उठली आणि का कोण जाणे, तिचा चेहरा उतरला. मलाही ते आवडलं नाही.

सकाळी निघालो. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, आक्कानं नुसतं कोमट दूध घेतलं. तिला मधल्या दाराशी, पाठीला उशी देऊन बसवलं. गाडी गावाबाहेर पडली. खड्डे होते, धक्के बसत होते, पण आवाज म्हणून काही नव्हता. थोड्या वेळानं आक्कानं पॅनलवर हळूच थाप मारली. "गप केली का गं बिचारीला? मला करमत न्हाई हिच्याबिगर," ती माझ्या कानात म्हणाली. पूल जवळ आला तशी ती सावरून बसली, पदराच्या टोकाची गाठ सोडून नाणं काढलं, आणि काचेचं हँडल फिरवायला गेली. हँडल फिरेना. तिला वाटलं तिच्याच हातात जोर नाही. "मंदे, फिरव गं," ती म्हणाली. मी दोन्ही हातांनी जोर लावला.

आप्पांनी आरशात पाहिलं. "नगं फिरवू, मोडंल ते. आत गोधडी हाय."

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. चारी जणांनी आयुष्यभर त्या पुलावर काच खाली केलेली, आणि आदल्या दिवसभरात एकालाही त्याची आठवण झाली नव्हती. पुढच्या दोन्ही काचाही तशाच ठासलेल्या. आक्का म्हणाली, "मंग थांबवा ना जरा." तिनंच केलेला नियम मोडायला ती तयार झाली होती, एवढं तिला ते नाणं टाकायचं होतं. पण पूल अरुंद, पुढं उसाच्या गाड्या, मागं उसाच्या गाड्या. "पुलावर कशी थांबवू, पोरी? म्हागं रांग लागलीया. येताना टाक. येताना दोन टाक," आप्पा म्हणाले. आक्कानं कपाळ काचेला टेकवलं आणि पूल संपेपर्यंत खाली पाण्याकडे बघत राहिली. मुठीत नाणं तसंच. पुढं शिरूरपाशी घोडनदी लागली, तिथं गाडी मोकळ्या रस्त्याला उभी करता येत होती, आप्पांनी विचारलंही. ती म्हणाली, "न्हाई. हे प्रवरेचंच हाय."

हॉस्पिटलचे दिवस मी लिहिणार नाही. लिहायला बसले की फिनेलचा वास येतो आणि हात थांबतो. एवढंच सांगते की तिला आत नेताना तिनं ते नाणं माझ्या हातात दिलं. केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या, बांगड्या काढून ठेवल्या होत्या, हात कसा उघडा उघडा दिसत होता. म्हणाली, "धर. येताना मला परत दे. तू टाकू नको हां, माजं मी टाकीन." मी हो म्हणाले. ती आतून परत आली ती पांढऱ्या चादरीखाली. डॉक्टरांनी हात जोडले. त्यांनी होतं ते सगळं केलं असणार, माझा त्यांच्यावर राग नाही. माझा राग कुणावरच नव्हता, आणि तेच फार कठीण होतं, कारण तो ठेवायला जागा नव्हती.

आप्पांनी तिला आपल्याच गाडीतून घरी न्यायचं ठरवलं. दोन बाकड्यांच्या मधे तिला निजवलं. आई एका बाजूला, मी मधल्या दाराशी. पुणं सुटलं, शिरूर गेलं, नगर गेलं. गाडीत एकही आवाज नव्हता. आप्पांनी आयुष्यात इतकं चोख काम केलं नव्हतं. त्या शांततेत आईला रडता येईना. हुंदका आला की तो एवढा मोठा ऐकू यायचा की ती पदर तोंडात कोंबायची, पुढं गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की रड, मोकळी रड. मुठीत ते नाणं, घामानं ओलं झालेलं.

दुपार कलताना प्रवरेचा पूल आला. उसाच्या गाड्या होत्याच. आप्पांनी पुलाच्या मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढून मागं आले. मागून एक गाडीवान ओरडला, "ओ डायवर, पुलावर कुटं थांबता?" आप्पांनी ऐकलं नाही. तो तणतणत जवळ आला, आत डोकावला, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि परत जाऊन बैलांपुढं उभा राहिला. नंतर मागून एकही हाक आली नाही. आप्पा दाराशी गुडघ्यावर बसले. स्क्रू सुटता सुटेनात. स्वतःच आवळलेले. पेचकस घसरून बोटाला लागला, रक्त आलं, तरी थांबले नाहीत. शेवटी पॅनल निघालं. आत हात घालून त्यांनी गोधडीचे तुकडे ओढून काढले, आणि आई ते एकेक हातात घेत गेली, मांडीवर सरळ करत गेली आणि आक्काच्या पायांवर पांघरत गेली. लाल, हिरवे, जांभळे. मग आप्पांनी हँडल बसवून काच खाली केली. नदीचा गार वारा आत आला. आता त्या वाऱ्याचं कुणाला भय होतं?

त्यांनी माझ्यापुढं हात केला. मला ते नाणं देववेना. तिनं मला टाकू नको म्हणून सांगितलं होतं, मी हो म्हणाले होते. आप्पांना ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाणं घेऊन आक्काच्या तळहातावर ठेवलं, तिच्या बोटांवर आपला हात धरला. "तुजं तूच टाक, बाळ," ते म्हणाले. मग तिचा हात न सोडता दुसऱ्या हातानं ते उचललं आणि खिडकीतून सोडलं. गाडीतूनच, काच खाली करून. पूल उंच, पाण्यावर पडल्याचं काही ऐकू आलं नाही.

पॅनल त्यांनी पुन्हा आवळलं नाही. एका स्क्रूवर अडकवून ठेवलं आणि गाडी सुरू केली. पुलावरून उतरताच पहिला खड्डा लागला आणि आत्याबाई बोलायला लागली. काच बोलायला लागली, फळी पत्र्यावर आपटायला लागली. तशी आईनं पदर तोंडातून काढला आणि तिथून घरापर्यंत, त्या खडखडाटात, ती मोठ्यानं रडली.